वाचक विचारतात : परवाना आहे, मग पिस्तूल दिसलं तर काय बिघडलं?

प्रश्न : माझ्या चुलतभावाकडे .32 (गोळीचं माप) रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. आठवडी बाजार असो की ग्रामसभा, तो शर्ट आत खोचून, कमरेला होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) लावून फिरतो. म्हणतो, "चोरीचं थोडीच आहे? परवाना आहे, उघडंच ठेवीन." हे कायद्यात बसतं का?
(एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : बसत नाही. शस्त्र नियम 2016 मधला नियम 32 याबाबत स्पष्ट आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच बॅगेत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याच्या पक्क्या ताब्यात हवं. मूठ बाहेर डोकावते असं होल्स्टर म्हणजे झाकलेलं नव्हे. मुठीवरही झडप येते असं होल्स्टर घ्यावं, नाहीतर वरून सैल शर्ट किंवा जॅकेट असावं. लग्न, मिरवणूक, जत्रा, सभा अशा ठिकाणी हत्यार काढून मिरवायला किंवा बार काढायला याच नियमात सक्त मनाई आहे.

शिक्षा वरवर किरकोळ वाटते. परवान्याच्या अटी किंवा नियम मोडले तर शस्त्र अधिनियमाच्या कलम 30 प्रमाणे 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरा फटका कलम 17 चा आहे. त्याखाली परवाना देणारा अधिकारी, म्हणजे गावाकडे जिल्हादंडाधिकारी, परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतो. तसं झालं की हत्यार जमा करावं लागतं आणि पुढे कलम 18 खाली अपिलाच्या चकरा सुरू होतात. वरातीत आनंदाच्या भरात बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हवेत तिरकी गेलेली गोळी किलोमीटरभराहून लांब पडते. कुणाच्या अंगणात पडेल, हे बार काढणाऱ्याच्या हातात नसतं.

पोळा, गणपती, निवडणूक अशा वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(1)(3) चे मनाई आदेश निघतात, त्यात हत्यार घेऊन फिरणं बंद होतं. निवडणुकीत पोलीस ठाण्यात हत्यार जमा करायची नोटीस आली तर जमा करावं आणि पावती जपून ठेवावी.

कायदा बाजूला ठेवला तरी उघडं हत्यार बाळगणाऱ्याचंच नुकसान करतं. बाजाराच्या गर्दीत मागून आलेला माणूस उजव्या कमरेवरची मूठ पकडतो, तेव्हा तुमचे दोन्ही हात पिशव्यांत अडकलेले असतात. शिवाय या घरात रिव्हॉल्व्हर आहे, ही बातमी चोराला फुकटात मिळते. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत पिस्तूल उघडं लावून फिरता येतं, त्याचे व्हिडिओ मोबाइलवर येतात. भावाची समजूत बहुधा तिथूनच आली असावी.

प्रश्न : कापसाचे पैसे घेऊन संध्याकाळी हिंगणघाटहून मोटारसायकलने गावी परततो. परवान्याचं .32 पिस्तूल आहे. कमरेत खोचावं, डिक्कीत ठेवावं की पाठीवरच्या बॅगेत?
(एक शेतकरी, जि. वर्धा)

उत्तर : डिक्की बादच करा. चहाला थांबलात की हत्यार तुमच्या ताब्यात राहत नाही. होल्स्टरशिवाय पँटमध्ये खोचणं त्याहून वाईट. खड्ड्यागणिक पिस्तूल खाली सरकतं, आणि ते सावरायला घातलेलं बोट ट्रिगरवर जातं. पाठीच्या मधोमधही लावू नका. गाडी घसरून उताणे पडलात तर लोखंड थेट मणक्यावर येतं.

जागा उजव्या (डावखुऱ्यांनी डाव्या) कमरेची, हाडाच्या किंचित मागे. पट्टा जाड आणि दीड इंच रुंद घ्या, पातळ पट्टा पिस्तुलाच्या वजनाने वळतो. होल्स्टरने ट्रिगरगार्ड (ट्रिगरभोवतीचं कडं) पूर्ण झाकलेलं असावं आणि मुठीवरून बटणाचा बंद असावा. होल्स्टर पिस्तुलाच्या मापाचंच हवं. जुन्या चामड्याचं तोंड मऊ पडून आत दुमडतं, आणि पिस्तूल आत सरकवताना तीच घडी ट्रिगर दाबते. शर्टाचं टोक किंवा दुपट्ट्याची किनारही तसाच घात करते, म्हणून पिस्तूल आत घालताना कापड दुसऱ्या हाताने वर धरा.

चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून गोळी सुटते त्या घरात) गोळी ठेवून मोटारसायकल चालवू नका. हॅमर ब्लॉक (हॅमर म्हणजे मागचा घोडा, तो अडवणारी खीळ) नसलेलं जुनं रिव्हॉल्व्हर असेल तर हॅमरखालचं घर रिकामं ठेवा, कारण हत्यार हॅमरवर पडलं तर बार उडू शकतो.

घरी आल्यावर आधी मॅगझिन (गोळ्यांची डबी) काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि बोटाने चाचपायचं. हा क्रम उलटा झाला की स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये चढते. मग मॅगझिन काढलं तरी पिस्तूल भरलेलंच राहतं, आणि "रिकामं होतं हो" म्हणणाऱ्यांचे अपघात असेच घडतात. हत्यार आणि काडतुसं वेगवेगळी कुलूपबंद ठेवा. होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात टाकू नका. मे महिन्याचा घाम आणि श्रावणातली ओल चामड्यात मुरते, मग नळीला गंज चढतो आणि पितळी काडतुसांवर हिरवा थर येतो.

नाकाबंदीत पोलिसाने अडवलं तर हात हँडलवर दिसतील असे ठेवा, "माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे" असं तोंडाने सांगा आणि सांगितल्याशिवाय कमरेला हात लावू नका. मूळ परवाना हत्याराच्या उलट बाजूच्या खिशात ठेवा. शस्त्र अधिनियमाच्या कलम 19 प्रमाणे पोलीस तो मागू शकतात. दाखवता आला नाही तर हत्यार जप्त होऊ शकतं.

प्रश्न : वडिलांचं पिस्तूल मुलाने किंवा ड्रायव्हरने गाडीत सोबत ठेवलं तर चालतं का?
(एक वाचक, वाशीम)

उत्तर : एकट्याने बाळगता येत नाही. परवानाधारक सोबत असेल, किंवा दुरुस्ती, नूतनीकरण किंवा धारकाच्याच वापरासाठी नेताना त्याचं लेखी अधिकारपत्र असेल, एवढीच सूट शस्त्र अधिनियमाच्या कलम 3 मध्ये आहे. एरवी विनापरवाना हत्यार बाळगल्याचा गुन्हा लागतो, त्याला 2 ते 5 वर्षं कैद आहे.

प्रश्न : परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला आणि पुढे मध्य प्रदेशात नातेवाइकांकडे जातो. सोबत रिव्हॉल्व्हर नेऊ का?
(एक वाचक, जि. अमरावती)

उत्तर : आधी परवान्यावरची क्षेत्राची नोंद वाचा. ती फक्त महाराष्ट्रापुरती असेल तर सीमा ओलांडताच तुमचा परवाना निरुपयोगी होतो. हीच गोष्ट वरूडहून पांढुर्ण्याला किंवा गोंदियाहून बालाघाटला जाणाऱ्यांची. वारंवार जाणं असेल तर क्षेत्र वाढवण्यासाठी रीतसर अर्ज करा. दुसरी अडचण वाटेतलं मेळघाटचं जंगल. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 31 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही, आणि शस्त्र परवाना दाखवून ही अट टळत नाही. त्या रस्त्याने जायचं तर रिव्हॉल्व्हर घरीच कुलपात ठेवा.

प्रश्न : रानडुकरांनी तूर उकरून टाकली. रात्री जागलीला मचाणावर पिस्तूल सोबत ठेवलं तर?
(एक शेतकरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : त्या कामाचं ते हत्यारच नाही. .32 ची गोळी डुकराला जागेवर पाडत नाही, आणि जखमी डुक्कर अंधारात अंगावर येतं. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर शिकार बसतही नाही. पीक राखण्यासाठी वेगळा परवाना असतो, भरमार (तोंडातून दारू ठासायच्या) बंदुकीचा. आणि बंदूक हाती असली तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय डुक्कर मारणं हा गुन्हाच आहे. तेव्हा आधी नुकसानीचा अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून घ्या.