एलईएस राहू द्या, आधी डीओ प्रोब तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. 300 लिटरची अ‍ॅक्रिलिक टाकी, रश्टन टर्बाइन (सपाट पात्यांचा ढवळणारा पंखा), खाली रिंग स्पार्जर (हवा सोडणारी भोकांची कडी), सीएफडीमधून (प्रवाहाचं कॉम्प्युटर मॉडेल) केएलए, म्हणजे हवेतला ऑक्सिजन पाण्यात किती झपाट्याने जातो तो गुणांक, 0.08 प्रति सेकंद आणि मोजून जेमतेम 0.04, त्यात 400 आरपीएमच्या पुढे मोजलेला आकडा हलायलाच तयार नाही, म्हणून के-एप्सिलॉन (टर्ब्युलन्सचं साधं, सरासरीवरचं मॉडेल) सोडून एलईएस (मोठे भोवरे थेट सोडवणारं महागडं मॉडेल) करू का म्हणताय. माझं स्पष्ट मत, नका करू.

आरपीएम वाढवूनही केएलए एका जागी अडकतो तेव्हा मला पहिला संशय डीओ प्रोबचा, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा येतो. 0.08 म्हणजे 1/0.08, साडेबारा सेकंदांचा खेळ, आणि जाड मेम्ब्रेनच्या प्रोबलाच तेवढा किंवा जास्त वेळ लागत असेल तर तुम्ही टाकी नाही, प्रोब मोजताय.

आमच्याकडे कॅलिब्रेशन एका कक्षाकडे होतं, नाव घेत नाही. नायट्रोजनमध्ये शून्य, हवेत शंभर, शिक्का, सही, झालं. रिस्पॉन्स टाइम पण द्या म्हटलं तर "फॉर्मात तो रकाना नाही". बरं, दुसरा फास्ट प्रोब तरी द्या, तर "चालू उपकरणाला बदली मिळत नाही", आणि चालू असल्याचा पुरावा काय, तर त्यांचंच सर्टिफिकेट! तो कागद असल्यामुळे प्रत्येक मीटिंगमध्ये सगळे मॉडेलवरच घसरायचे, ड्रॅग बदल, मेश बारीक कर, अख्खं सेमिस्टर त्यात गेलं. अजून आठवलं की डोकं फिरतं.

टेस्ट बीकरमध्ये होते हो. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवलेल्या पाण्यातून प्रोब काढून झटकन हवा सोडलेल्या, ढवळत्या पाण्यात बुडवायचा आणि 63 टक्क्यांपर्यंत किती सेकंद लागतात ते बघायचं. तो आकडा 1/केएलएच्या पाचव्या हिश्शाच्या आत असला तर निवांत, नाहीतर प्रोबचा लॅग केएलए काढायच्या कर्व्ह फिटिंगमध्ये घ्या.

आता टर्ब्युलन्स. के-एप्सिलॉन डिसिपेशन (एप्सिलॉन, म्हणजे भोवऱ्यांत ऊर्जा विरण्याचा दर) कमी दाखवतं हे खरंय, टॉर्कवरून काढलेल्या पॉवरशी ताडून बघा. पण केएलए म्हणजे केएल (पाण्याच्या बाजूचा वहन-गुणांक) गुणिले बुडबुड्यांचं क्षेत्रफळ, आणि केएल एप्सिलॉनच्या पाव घाताने बदलतो, म्हणजे एप्सिलॉन निम्मा चुकला तरी केएल 16 टक्केच हलतो, तुमची दुप्पट तफावत त्यातून निघणार नाही. बुडबुड्याचा व्यास मात्र सरळ भागाकारात बसतो, 3 मिमी धरलात आणि खरा 5 असला की क्षेत्रफळाचा 40 टक्के हिशोब गेला. (पॉप्युलेशन बॅलन्स, म्हणजे बुडबुडे फुटण्या-जुळण्याचं गणित, लावला असेल तर एप्सिलॉन मागच्या दाराने व्यासात शिरतो, तेव्हा हे जसंच्या तसं घेऊ नका.)

शिवाय टाकीत मोजताना नायट्रोजन बंद करून हवा सोडली तरी जुने नायट्रोजनचे बुडबुडे काही वेळ आतच फिरतात, त्यानेही केएलए कमी दिसतो. त्याला प्रेशर स्टेप पद्धत (टाकीतला दाब एकदम बदलून मोजायची) बरी, पण तुमची अ‍ॅक्रिलिक टाकी किती दाब घेईल ते बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय हात लावू नका, मी जबाबदार नाही.

आणि टाकी साबणाने धुतली असेल तर दोनतीनदा पाणी भरून सोडून द्या, उरलेल्या साबणानेही केएलएचा आकडा बिघडतो; अँटीफोमचे (फेस मारणारं द्रव) थेंब पडले असतील तरी तेच.