दुसऱ्या देशात सैन्य कधी पाठवावं?

तुम्ही विचारलंय की १९५४ च्या चीनसोबतच्या पंचशील करारात 'एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नको' असं मान्य करूनही भारताने पुढे शेजाऱ्यांकडे सैन्य कसं पाठवलं, आणि याला काही तत्त्व आहे की नाही.

लेखी तत्त्व नाही. माझ्यापुरती कसोटी एकच: परत कधी यायचं हे जाण्याआधी ठरलं होतं का?

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून (आजच्या बांगलादेशातून) सुमारे १ कोटी निर्वासित आपल्या हद्दीत आले, तेव्हा तो पाकिस्तानचा अंतर्गत प्रश्न उरलाच नव्हता. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव केला. (जग आपल्या पाठीशी होतं, असं आपल्याकडे उगाच मानतात.) पण १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य बांगलादेशातून निघालंही. मालदीव त्याहून सोपं. नोव्हेंबर १९८८ मध्ये अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली, त्याच रात्री आग्र्याहून छत्रीधारी जवान पोहोचले, बंड मोडलं.

फसलो ते श्रीलंकेत. २९ जुलै १९८७ चा करार झाला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्यात. त्यानुसार तमिळ बंडखोरांची शस्त्रं काढून घ्यायला आपलं सैन्य 'शांतिसेना' म्हणून तिथे गेलं. ज्यांच्याकडून शस्त्रं काढून घ्यायची, त्या लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेची करारावर सहीच नव्हती. बरं, तमिळ बंडखोरांना आधी प्रशिक्षण दिलं होतं आपणच! दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. सिंहलींना हे सैन्य किती नकोसं होतं ते तेव्हाच कळायला हवं होतं. ऑक्टोबरपासून शांतिसेना लिट्टेशीच लढू लागली. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं ते याच लढाईत. सुमारे १,२०० जवान गेले. कधी थांबायचं हे कुणीच ठरवलं नव्हतं, त्यामुळे शेवटी यजमानानेच, म्हणजे श्रीलंकेचे पुढचे अध्यक्ष प्रेमदास यांनी, 'निघा' म्हटलं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली.

दिल्ली हे विसरलेली नाही. २०२२ मध्ये श्रीलंकेची तिजोरी रिकामी झाली तेव्हा भारताने इंधन, औषधं, कर्ज अशी जवळपास ४ अब्ज डॉलरची मदत दिली. भारत सैन्य पाठवतोय अशी आवई उठताच कोलंबोतल्या आपल्या उच्चायुक्तालयाने तिचा जाहीर इन्कार केला.