काकाजींच्या वहीतल्या खुणा

प्रश्न : माझे काकाजी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेवक होते. सारं गाव त्यांना ‘मलेरियावाले काकाजी’ म्हणायचं. पोळ्यानंतर ते गेले. कपाटात त्यांची वही सापडली. तीत अशा नोंदी आहेत : ‘व्या. ३, पा. ४ – ७० ग्रॅ. – ओटी पिवळा’, ‘बी.एस. ११, २ बाद – माश्या’, ‘पाणी वाजले, मग भरले’. यांचा अर्थ काय? आणि त्या विहिरीत आजही ७० ग्रॅमच टाकायचे का?
– एक पुतणी, दारव्हा तालुका

उत्तर : पहिली नोंद विहिरीत टाकायच्या टीसीएलची, म्हणजे ब्लिचिंग पावडरची आहे. ‘व्या.’ म्हणजे विहिरीचा व्यास, ‘पा.’ म्हणजे पाण्याची खोली, दोन्ही मीटरमध्ये. गोल विहिरीत व्यास गुणिले व्यास गुणिले पाणी गुणिले ७८५ केलं की लिटर मिळतात. ३ × ३ × ४ × ७८५ = २८,२६०. हजार लिटरला २.५ ग्रॅम या मापाने सुमारे ७० ग्रॅम. काकाजींचा हिशेब चोख आहे.

पावडर तशीच विहिरीत फेकायची नसते. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात भज्यांच्या पिठासारखी कालवायची, मग बादली पाऊण भरेल इतकं पाणी घालून ढवळायची आणि १० मिनिटं हात लावायचा नाही. चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायची. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं, म्हणून तो बाहेरच टाकायचा. निवळीची बादली दोराने पाण्याच्या पातळीखाली सोडून जोरजोरात खालीवर करायची. त्यानंतर निदान १ तास पाणी भरायचं नाही, म्हणून हे काम रात्रीचं बरं.

‘ओटी पिवळा’ ही त्या कामाची परीक्षा. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन, पाण्यातलं क्लोरीन ओळखायचं औषध. तासाभराने नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर लगेच पिवळं होतं. रंग पट्टीशी ताडून लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे का ते बघतात. रंग पहिल्या १० सेकंदांतच वाचायचा, मागाहून चढलेला पिवळेपणा मोकळ्या, म्हणजे कशाशी न जुळलेल्या, क्लोरीनचा धरत नाहीत. रंगच आला नाही तर आधी पावडरीचं पोतं बघा. तोंड उघडं राहिलं, ओल लागली, की क्लोरीन उडून जातं आणि उरतो तो नुसता चुना. पावसाळ्यात गढूळ पाणी असेल तर क्लोरीन गाळातच संपतं. ओटीचं औषध हाताला लागू देऊ नका, आणि तपासलेलं पाणी विहिरीपासून दूर ओता.

‘बी.एस.’ म्हणजे ब्लड स्मिअर, मलेरिया तपासायला घेतलेली तापाच्या रुग्णाच्या रक्ताची काच. आरोग्यसेवकाने दर १५ दिवसांनी घरोघर जाऊन ‘कोणाले ताप आहे काय?’ विचारायचं आणि भिंतीवरच्या चौकटीत तारीख टाकायची, अशी ही पद्धत. डाव्या हाताच्या अनामिकेला स्पिरिट लावून ते पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या बोटावर थेंब पसरतो आणि रक्तपेशी फुटतात. पहिला थेंब पुसायचा. काचेवर एक जाड ठिपका, शेजारी पातळ थर. जाड ठिपका सपाट ठेवून सावलीत वाळवायचा. घाईने उन्हात धरला तर तो भाजून पक्का बसतो, आणि प्रयोगशाळेत त्याच्यातला लाल रंग धुऊन निघत नाही. झडीच्या दिवसांत वाळायला वेळ लागतो, तेवढ्यात माश्या ठिपका चाटून नेतात. काकाजींच्या २ काचा अशाच गेल्या असणार. त्यांनी त्या लपवल्या नाहीत, बाद लिहिल्या. आम्हाला या वहीतली सर्वांत मोलाची नोंद हीच वाटते.

‘पाणी वाजले’ लसीच्या डब्याबद्दल आहे. फ्रीजरमधून काढलेले ४ आइसपॅक लगेच डब्यात भरत नाहीत, कानाजवळ हलवून आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवतात. नाहीतर पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) यांसारख्या लसी गोठतात आणि वाया जातात.

आता ७० ग्रॅमचं. विहिरीचं बांधकाम तेच असेल तर व्यास ३ मीटरच धरा. पाणी मात्र दर वेळी दोराला दगड बांधून मोजा. वैशाखात ते १ मीटरवर आलं तर १८ ग्रॅम पुरतील, आणि पोळ्याच्या सुमारास ६ मीटर चढलं तर १०६ लागतील. पावडर १०० ग्रॅमच्या वर गेली की दोन बादल्यांत कालवा.