वाचकांचे प्रश्न : तापीच्या पाण्यात ओडिशाची नाव

प्रश्न : गेल्या त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे आम्ही तापीवर दिवे सोडायला गेलो होतो. आमच्या शेजारी राहणारे एक ओडिया कुटुंबही तेथे आले होते. त्यांनी केळीच्या सोपटाची वीतभर लांबीची नाव पाण्यात सोडली. तिच्यात विड्याचे पान, सुपारी, झेंडूची फुले आणि पेटती पणती होती. त्यांच्या आजी काही पुटपुटत होत्या, त्यातले ‘पान गुआ’ एवढेच शब्द मला कळले. हे आपले दीपदानच आहे, की वेगळे काही? (एक वाचक भगिनी, भुसावळ)

उत्तर : दिवस एकच असला तरी विधी वेगळा आहे. आपण पाहिला तो ‘बोइत बंदाण’, म्हणजे नौकेचे वंदन. ओडिया भाषेत मोठ्या सागरी जहाजाला ‘बोइत’ म्हणतात आणि हा शब्द संस्कृतातील ‘वहित्र’ या नौकावाचक शब्दापासून आल्याचे सांगतात. आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या मुळाशी शंकराने केलेल्या त्रिपुरासुराच्या वधाची कथा आहे. बोइत बंदाणाच्या मुळाशी माणसे आहेत : कलिंगाच्या, म्हणजे प्राचीन ओडिशाच्या, किनाऱ्यावरून सिंहल (आजची श्रीलंका), जावा, सुमात्रा आणि बाली या बेटांकडे माल घेऊन जाणारे ‘साधव’ म्हणजे सागरी व्यापारी, आणि त्यांना निरोप द्यायला पाण्याच्या काठावर उभ्या राहिलेल्या त्यांच्या घरच्या स्त्रिया. जहाज हाकारण्यापूर्वी त्या त्याची पूजा करीत, असे परंपरा सांगते. जहाजे गेली, पूजा उरली, आणि आज तीच पूजा केळीच्या सोपटाच्या, शोलाच्या (एका पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याच्या) किंवा कागदाच्या नावेला मिळते.

आजी म्हणत होत्या ते गाणे ओडिशात लहान मुलांनाही पाठ असते : ‘आ का मा बै, पान गुआ थोइ, पान गुआ तोर, मासक धरम मोर.’ ‘गुआ’ म्हणजे सुपारी. पहिली चार अक्षरे आषाढ, कार्तिक, माघ आणि वैशाख या महिन्यांची आद्याक्षरे असल्याचा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो. पुढचा भाग सरळ आहे : पान-सुपारी तुला, महिन्याचे पुण्य मला. देवाशी इतक्या मोकळेपणाने देवघेव करणारे गाणे व्यापाऱ्यांच्या प्रदेशात जन्मले, याचे मला नवल वाटत नाही.

कार्तिकच का, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण या सणाचे खरे मर्म तेथेच आहे. नैर्ऋत्येचा मोसमी वारा परतला की बंगालच्या उपसागरावर ईशान्येकडून वारा वाहू लागतो, आणि शिडाच्या जहाजाला पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरायला तोच वारा हवा असतो. परतीसाठी पुन्हा नैर्ऋत्येच्या वाऱ्याची वाट पाहावी लागे, त्यामुळे एकदा गेलेला माणूस कित्येक महिने घरी दिसत नसे. शिवाय निघण्याचा हा काळ निर्धोकही नव्हे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे त्या उपसागरातील चक्रीवादळांचे दिवस आहेत. ओडिशाला उद्ध्वस्त करणारे महाचक्रीवादळ २९ ऑक्टोबर १९९९ रोजी किनाऱ्यावर धडकले, ते याच ऋतूत. वारा अनुकूल झाला, पण समुद्राचा भरवसा नाही, अशा वेळी घरच्यांनी पान-सुपारी हाती घेऊन नदीकाठी जाणे सहज समजण्यासारखे आहे.

प्राचीन पुरावाही आहे. टॉलेमी या ग्रीक भूगोलज्ञाने दुसऱ्या शतकात ‘पलूरा’ या ठिकाणाचा उल्लेख केला असून, पूर्वेकडच्या सुवर्णभूमीला जाणारी जहाजे किनारा सोडून खोल समुद्रात शिरत ती जागा त्याच्याजवळ असल्याचे तो सांगतो. हे ठिकाण म्हणजे चिलिका सरोवराजवळचे पालूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बाली बेटावरील सेंबिरान येथील उत्खननात भारतीय बनावटीची, चक्राकार नक्षी असलेली मातीची भांडी सापडली आहेत. कालिदासानेही ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात कलिंगाच्या राजाला महेंद्र पर्वताचा आणि महासागराचा स्वामी म्हटले आहे.

मात्र सणाभोवती सांगितली जाणारी प्रत्येक गोष्ट तितकी जुनी मानू नये. आपण ज्याला खानदेशात गंगाफळ म्हणतो, त्या भोपळ्याला ओडियात ‘बोइति कखारू’ असे नाव आहे आणि ते फळ साधवांच्या बोइतांतून आले, असे कौतुकाने सांगितले जाते. हा भोपळा मूळचा अमेरिकेतला आहे, म्हणजे तो भारतात पोर्तुगीज काळात किंवा त्यानंतरच पोचला असणार. जहाजातून तो आला हे खरे, पण ते जहाज साधवांचे नव्हते.

त्या आजींशी ओळख वाढली तर त्यांना तअपोईची कथा अवश्य विचारा. सात व्यापारी भावांची ती एकुलती एक लाडकी बहीण. भाऊ समुद्रावर गेल्यावर भावजया तिचा छळ करतात, तिला शेळ्या राखायला रानात पाठवतात, आणि ती कण्यांचा नैवेद्य दाखवून मंगला देवीला आळवते, तेव्हा भावांची जहाजे परत येतात. भाद्रपदातील रविवारी मुली हे ‘खुदुरुकुणी’ व्रत करतात. ‘खुद’ म्हणजे कण्या. श्रावणातल्या शुक्रवारच्या कहाण्या ऐकलेल्या आपल्या पिढीला यातली भावजय नवखी वाटणार नाही.

प्रश्न : त्याच कुटुंबाने ‘आज आमचा कार्तिक संपला’ असे सांगितले. आपला कार्तिक तर अमावास्येपर्यंत चालतो. मग त्यांचे पंचांग चुकीचे आहे का? (त्याच वाचक भगिनी)

उत्तर : चुकीचे मुळीच नाही. तेथे सणावारांसाठी महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुक्ल पक्षातली तिथी मात्र दोन्हीकडे त्याच महिन्याची असते. ओडिशात कार्तिकभर अनेकजण मांस-मासळी वर्ज्य करतात. शेवटच्या पाच दिवसांना ‘बक पंचुक’ म्हणतात, कारण त्या दिवसांत बगळासुद्धा माशाला शिवत नाही, अशी समजूत आहे. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचे नाव ‘छाडखाई’, आणि त्या दिवशी तेथील मासळीबाजारात किती गर्दी उसळत असेल ते सांगायला नको. कटकला महानदीच्या काठी याच पौर्णिमेपासून ‘बाली जात्रा’ भरते. नाव बाली बेटाच्या आठवणीचे मानले जाते, आणि ओडियात ‘बालि’ म्हणजे वाळूही, त्यामुळे नदीकाठच्या वाळूवरची जत्रा असाही अर्थ काहीजण लावतात.

प्रश्न : आम्ही रावेरचे, केळी आमच्याच शेतात. अशी नाव आम्हाला करता येईल का? (एक शेतकरी वाचक)

उत्तर : अवश्य येईल, आपल्यापाशी सामान ओडिशापेक्षा कमी नाही. घड उतरवल्यावर उभ्या राहिलेल्या खोडाची बाहेरची वाळलेली सोपटे काढून टाकावीत आणि आतले फिकट, ओलसर सोपट हातभर लांबीचे घ्यावे. ते आडवे कापून पाहिले तर आत जाळीसारखे हवेचे कप्पे दिसतील. नाव तरंगते ती त्यांच्यामुळेच. दोन्ही टोके दुमडून खराट्याच्या काडीने टोचावीत आणि पणती बरोबर मध्यभागी ठेवावी, नाहीतर नाव एका अंगाला कलते. थर्माकोल वापरू नये. आणि अंगावर जुने कपडे असू द्यावेत, केळीच्या चिकाचा डाग काय असतो हे रावेरकरांना मी सांगायला नको.