ग्रीनजवळची चिप सतत बिघडते, काय करू?

तुम्ही विचारलंय की गोल्फमध्ये ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या आखूड गवताच्या) जवळ येईपर्यंत सगळं ठीक असतं, पण चिप (ग्रीनच्या बाहेरून भोकाकडे मारलेला छोटा शॉट) मारली की चेंडू एकतर दोन फुटांवर मरतो, नाहीतर ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, जातो. मला माझीच जुनी स्कोअरकार्डं आठवली. मी चाळिशीत पुण्यात गोल्फ शिकलो आणि पहिली तीन वर्षं हेच चाललं होतं. या दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे: चेंडू हाताने वर उचलायची घाई.

हे मला कोचने नाही, एका म्हाताऱ्या कॅडीने (क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, वाहणाऱ्याने) दाखवलं. सलग तिसरी चिप डफ झाल्यावर (क्लब आधी जमिनीत अडकून चेंडू जागच्या जागी मेल्यावर) ते म्हणाले, "साहेब, उचलायचं काम क्लबचं. तुम्ही कशाला त्रास घेता?" मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी करून चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर ठेवला. "याला न लागता मारा." पहिल्या पाच वेळा टॉवेलच उडाला. उचलायला जाताना वजन उजव्या पायावर सरकतं, मनगट पळीने आमटी वाढल्यासारखं वळतं आणि क्लब चेंडूच्या आधीच जमिनीला टेकतो. टेकून अडकला की डफ. उसळून वर आला की त्याची धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू सुसाट सुटतो.

म्हणून उभं राहतानाच वजन डाव्या पायावर घ्या (तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरतो), साधारण साठ-सत्तर टक्के, आणि शॉट संपेपर्यंत तिथेच ठेवा. पाय जवळजवळ, पकड थोडी खाली, चेंडू मधोमध किंवा किंचित मागे. छाती वळवून मारा, मनगट शांत. हात चेंडूच्या पुढे ठेवा असं सगळे सांगतात, पण तेही बेताने. मी एका व्हिडिओवरून हात इतके पुढे नेले की सँड वेजची (चेंडू उंच उडवणाऱ्या, तिरप्या तोंडाच्या क्लबची) धार कुदळीसारखी जमिनीत रुतायला लागली. वेजच्या तळाला जो फुगीर भाग असतो, बाउन्स, तो जमिनीवरून घसरावा म्हणूनच दिलेला असतो. हात फार पुढे गेले की तो कामातून जातो.

बाउन्सचं आपल्याकडे ऋतूप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात जमीन मऊ असते, तेव्हा जास्त बाउन्सचा सँड वेज तारून नेतो. एप्रिल-मेमध्ये ग्रीनभोवतीची जमीन फरशीसारखी टणक होते, गवत विरळ. तिथे तोच बाउन्स आपटून उसळतो. अशा वेळी मी वेज पिशवीतच ठेवतो आणि आठ नंबरचं आयर्न (कमी तिरप्या तोंडाचा क्लब) काढून पटसारखा, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवतात तसा, स्ट्रोक मारतो. दिसायला अगदी गरीब शॉट, पण चेंडू भोकाजवळ जातो.

दुसरी गोष्ट, क्लब आधी निवडू नका. चेंडू पहिल्यांदा कुठे टेकवायचा ती जागा आधी ठरवा, शक्यतो ग्रीनच्या आत एक पाऊल. मग जुना हिशेब: बारातून क्लबचा आकडा वजा करायचा. हवेत एक भाग, तर जमिनीवर तितके भाग. समजा चेंडू ग्रीनच्या कडेपासून तीन पावलं बाहेर आहे आणि झेंडा कडेपासून तेरा पावलं आत. टेकवायची जागा चार पावलांवर, पुढे घरंगळायला बारा. एकास तीन, म्हणजे नऊ नंबर. पिचिंग वेज दहा धरायचा, सँड वेज अकरा. हा हिशेब सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनचा. चढ असेल तर एक क्लब कमी लॉफ्टचा (कमी तिरप्या तोंडाचा), उतार असेल तर जास्तीचा. आणि गवत तुमच्याकडे झुकलेलं असेल तर ते क्लबला अडवतं, हे बर्म्युडा गवतावर फार जाणवतं.

साठ डिग्रीचा वेज घेऊन उंच शॉट मारायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण आधी हे ऐका. १९८५ च्या गोल्फच्या यूएस ओपनमध्ये तैवानचे टी. सी. चेन शेवटच्या दिवशी चार शॉटनी पुढे होते. पाचव्या होलवर ग्रीनजवळच्या दाट गवतातून मारताना क्लब चेंडूला दोनदा लागला, दुसऱ्यांदा तर हवेतच. पेनल्टीसकट चार पारच्या (चार शॉटमध्ये संपवायच्या) होलवर आठ शॉट झाले आणि स्पर्धा शेवटी एका शॉटने गेली. २०१९ पासून चुकून दोनदा लागलं तर पेनल्टी नाही, एकच शॉट मोजतात. पण दाट गवतात क्लब अडकतो, ते नियम बदलून थांबत नाही.

सराव घरीही होतो. मी गच्चीवर जुनी सतरंजी टाकून प्लॅस्टिकच्या चेंडूने बादलीत मारायचो. तुळशीची कुंडी मात्र आधी हलवा, मी एक फोडली आहे आणि ते प्रकरण घरात अजून निघतं. दहा मिनिटं फक्त डाव्या हाताने मारा. एकट्या डाव्या हाताला चेंडू उचलता येत नाही, त्यामुळे छाती वळवावीच लागते. इंग्लंडचा गोल्फर मॅट फिट्झपॅट्रिक तर डावा हात खाली, उजवा वर अशी उलटी पकड धरून चिप करतो, आणि त्याने २०२२ ची यूएस ओपन जिंकली आहे. उजव्या हाताचं मनगट फारच वळवळत असेल तर आठवडाभर तसं करून बघा.

आणि चेंडू फ्रिंजवर, म्हणजे ग्रीनच्या कडेच्या पट्टीवर, असेल, मध्ये गवत आखूड असेल, तर यातलं काहीच करू नका. सरळ पटर (चेंडू घरंगळवायचा क्लब) काढा.