४४०बीएक्स बोर्ड १३३ वर चढवलाय? ग्राफिक्स कार्डही तपासा

४४०बीएक्स हा इंटेलचा पेंटियम २/३ काळातला जुना चिपसेट. त्याचा अधिकृत एफएसबी (प्रोसेसरला चिपसेटशी जोडणारी बस) १०० मेगाहर्ट्झचा, तो १३३ वर नेणं म्हणजे ओव्हरक्लॉक. या चिपसेटची खोच लक्षात घ्या. पीसीआयला (इतर कार्डांची बस) एफएसबीच्या १/४ चा भाजक मिळतो, म्हणजे ३३ मेगाहर्ट्झ ठीक राहतात. एजीपीला (ग्राफिक्स कार्डाची बस) मात्र फक्त १/१ किंवा २/३. एफएसबी १३३ केला की २/३ लावूनही एजीपी सुमारे ८९ वर धावतो. मूळ माप ६६. प्रोसेसर निवांत असला तरी कार्ड कोलमडू शकतं.

आधी मेमटेस्ट८६ ची (रॅमची चाचणी) किमान एक रात्र, मग प्राइम९५ (प्रोसेसरची चाचणी). हे दोन्ही स्वच्छ गेल्याशिवाय कार्डाला दोष देऊ नका. त्यानंतर क्वेक ३ या गेमचा टाइमडेमो (रेकॉर्ड केलेला खेळ चालवून वेग मोजणारी चाचणी) तासभर पुन्हापुन्हा चालवा, केस बंद ठेवून. उघड्या केसमध्ये सगळंच पास होतं!

पडद्यावर ठिपके किंवा चकाकणारे पिक्सेल दिसले तर संशय व्हिडिओ मेमरीवर: कार्डाचं स्वतःचं ओव्हरक्लॉक काढा, पंखा फिरतोय का बघा, सुकलेली थर्मल पेस्ट बदला. चित्र स्वच्छ असताना मशीन एकदम गोठलं तर बहुधा एजीपी बस. बायोसमध्ये एजीपीचा वेग २एक्सचा १एक्स करा, साइडबँड (पत्ते वेगळ्या तारांवरून पाठवण्याची सोय) बंद करा. वेगात फारसा फरक पडत नाही.

तरीही गोठतंय? मल्टिमीटरने ३.३ व्होल्टची लाइन कार्डावर लोड असताना मोजा. ३.१४ च्या खाली गेली तर पॉवर सप्लाय बदला. शेवटी एफएसबी १०० वर आणून तोच टाइमडेमो चालवा. तिथेही अडखळलं तर ओव्हरक्लॉक निर्दोष आहे.