नोकरी गेली, मेडिक्लेमचं काय? आधी रिलीव्हिंग लेटरवरची तारीख बघा

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं नोकरी केली आणि कपातीत नाव आलं. नोटिशीऐवजी दोन महिन्यांचा पगार देऊन कंपनीनं त्याच दिवशी मोकळं केलं. घरी पत्नी, मुलगी आणि मधुमेह असलेले वडील. वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. एचआरनं फोनवर सांगितलं की पॉलिसी मार्चपर्यंत आहे, आणि टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, अ‍ॅपवर कार्डही 'अ‍ॅक्टिव्ह' दिसतंय. या सगळ्याला १९ दिवस झाले. ते विचारतात, मार्चपर्यंत निर्धास्त राहू ना?

नाही. अशी बरीच पत्रं येतात आणि बहुतेकांत हाच 'मार्च' असतो. मार्च ही तुमच्या कंपनीनं घेतलेल्या ग्रुप पॉलिसीची मुदत आहे, तुमच्या संरक्षणाची नाही. करार कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला; तुमचं नाव त्यात कर्मचारी म्हणून आहे, तेवढ्यापुरतंच. बहुतेक ग्रुप पॉलिसींमध्ये एक छोटं कलम असतं: नोकरी संपली त्या दिवशी त्या सदस्याचं आणि त्याच्या कुटुंबाचं संरक्षण संपतं. काही कंपन्या पॉलिसीवर्ष संपेपर्यंत नाव ठेवतात, पण तसं लेखी असेल तरच धरून चाला.

म्हणून रिलीव्हिंग लेटर काढा. वर छापलेली तारीख सोडा, मजकुरात 'लास्ट वर्किंग डे' म्हणून कोणती तारीख लिहिली आहे ती बघा. नोटिशीच्या बदल्यात पैसे मिळाले म्हणून ते दोन महिने नोकरीत धरले जातील असं समजू नका. अ‍ॅपवरच्या कार्डाचंही तेच. सोडून गेलेल्यांची नावं कंपन्या एकत्र करून मागाहून कळवतात आणि ती मागच्या तारखेनं वगळली जातात. तोवर कार्ड हिरवं दिसत राहतं. त्या भरवशावर वडिलांना दाखल केलंत तर कॅशलेस ऐन वेळी नाकारलं जाईल, किंवा आधी मंजूर होऊन नंतर वसुली मागे लागेल.

तुमच्या हातात खरी गोष्ट एकच आहे: मायग्रेशन. ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्या सदस्याला कुटुंबासह त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबासाठी एकच विमा रक्कम असलेल्या) पॉलिसीत जाण्याचा पर्याय विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, दिला आहे. तो बाहेर पडतानाच मागायचा असतो. पॉलिसी संपल्यावर आरामात मागायचा तो पर्याय नाही. तुम्ही १९ दिवस घालवलेत. चार वर्षांत पॉलिसीची प्रत एकदाही मागितली नाही असं तुम्हीच लिहिलंय, आणि मला राग येतो तो याच गोष्टीचा. त्या प्रतीत मुदत लिहिलेली असते आणि ती प्रत्येक पॉलिसीत वेगळी असू शकते. तुमची उलटली की नाही, हे ती न बघता मी सांगू शकत नाही.

नवी पॉलिसी का नको, तेही समजून घ्या. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा झाला आहे. तुमचे सलग ४८ महिने भरले आहेत. मायग्रेशन झालं तर हा काळ जुन्या विमा रकमेपुरता जमा धरला जातो, म्हणजे वडिलांच्या मधुमेहासाठी पुन्हा थांबावं लागू नये. सलग ६० महिन्यांनंतर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याचं कारण दाखवून क्लेम नाकारता येत नाही. त्यातलेही तुमचे बाराच उरले आहेत. खंड पडला की दोन्ही शून्यापासून. सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून काही नाही, आणि मोतीबिंदू तर बहुतेक पॉलिसींच्या ठरावीक वेटिंग पिरियडच्या यादीतच असतो.

तेव्हा आज रात्रीच विमा कंपनीला मेल करा. ग्रुप पॉलिसी क्रमांक, चौघांची नावं, रिलीव्हिंग लेटर, कार्डांच्या प्रती जोडा आणि 'ग्रुपमधून बाहेर पडल्यामुळे मायग्रेशन हवं' असं स्पष्ट लिहा. एजंटला केलेला फोन हा अर्ज नव्हे. वडिलांचा मधुमेह लपवू नका. कंपनीला वैद्यकीय तपासणी करण्याचा आणि अटी घालण्याचा अधिकार आहे. वडिलांच्या बाबतीत ती काय ठरवेल याची खात्री मी देत नाही.

एचआरला दुसरा मेल: 'मार्चपर्यंत' हे लेखी द्या. वडिलांचा हप्ता तुमच्या पगारातून कापला जात होता का, तेही बघा. कापला असेल तर उरलेल्या महिन्यांचा हिशेब मागा, आणि तो होईपर्यंत 'माझं काही येणं नाही' अशा फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर सही करू नका.

विमा कंपनीनं नकार दिला तर आधी तिच्याच तक्रार विभागात लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथं फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देता येते. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. कायद्यात तिथं तक्रार ३ महिन्यांत निकाली काढावी असं लिहिलंय. माझ्या अशिलांना तारखांवर तारखा घेत वर्षं काढावी लागली आहेत. वडिलांच्या डोळ्यासाठी त्या भरवशावर राहू नका.

ज्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची वर्गणी, कापला जात होता त्यांचं गणित वेगळं. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर जानेवारी ते जूनचे लाभ मिळतात, त्यामुळे नोकरी गेली की त्याच दिवशी सगळं संपत नाही. त्यांनी शाखा कार्यालयात चौकशी करावी.

कपातच बेकायदा होती का, हा तुमचा दुसरा प्रश्न. त्यासाठी नेमणूकपत्र बघावं लागेल. ते आणि रिलीव्हिंग लेटर दोन्ही पाठवा, पुढच्या आठवड्यात बोलू. आधी तो मेल जाऊ द्या.